पुजाऱ्याचा कौल

आमच्या खेळात पुजारी व्हायला कोणी तयार नसायचं.

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी बारामतीत एका खासगी क्लासात गणित शिकवत होतो. आमच्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. हे कोणी विचारलं नाही तरी मी तेव्हा सांगायचो आणि आजही सांगतो. भिगवण रस्त्याला एक खोली भाड्यानं घेतली होती. कॉलेजातले तीन मित्र रविवारी दुपारी तिथं यायचे. त्यातल्या एकाचा मावसभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याच्याकडून एका इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स आली आणि त्याबरोबर आठ बाजूंचे, वीस बाजूंचे रंगीत फासे.

खेळ असा की एकानं गोष्ट चालवायची. गुहा, राक्षस, दरोडेखोर सगळे त्याच्या हातात. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. ज्याची झेरॉक्स तोच गोष्ट चालवायचा. दुसरा, वकिलाचा मुलगा, योद्धा झाला, तिसरा मांत्रिक झाला. राहिला पुजारी.

"तुमच्या घरात देवाचं आहे ना, मग तूच हो," योद्धा म्हणाला.

"आणि घंटा घरून आण," मांत्रिक म्हणाला.

झालो. पण त्या पुस्तकातला पुजारी म्हणजे नुसती लाज होती. दिवसातून एकदा कोणाच्या तरी जखमेवर हात ठेवायचा, तेही आठ बाजूंचा फासा सांगेल तेवढंच बरं करायचं. एक पडलं तर एकच. मग दिवसभर गदा धरून सगळ्यांच्या मागं उभं राहायचं. मांत्रिक आग फेकायचा, योद्धा माणसं कापायचा आणि मी विचारायचो, "कोणाला काही लागलं का?" ते हसायचे. हसणं मला खपत नाही. मी म्हणालो, पुजाऱ्याचे नियम मी नव्यानं लिहितो. लिहिणाऱ्याला गणित येत नसेल, मला येतं.

मला जे करायचं होतं ते मी लहानपणापासून घरी पाहिलं होतं. इंदापूरच्या पुढं आमची वस्ती. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. मग मेंढरं गेली, ऊस आला, बिरोबा तेवढा राहिला. त्याचा कौल लावायचं काम तात्यांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं होतं. देवाच्या दगडाच्या दोन्ही खांद्यांना झेंडूची एकेक पाकळी पाण्यात बुडवून चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहिरीची जागा, आजारपण, सगळ्याला लोक यायचे. कौल लागला की पाकळी पडेपर्यंत ज्याचा प्रश्न असेल त्यानं गावाची शीव ओलांडायची नाही, असा दंडक होता. आणि कौल लावणाऱ्यानं स्वतःसाठी लावायचा नाही.

मी तेच खेळात आणलं. दोन फासे, एक उजवा, एक डावा. उजवा मोठा पडला तर देव पावला, जखमी माणूस उठून उभा. डावा मोठा पडला तर नकार. दोन्ही सारखे पडले तर पाकळी अडकली. मग पुजाऱ्यानं जागचं हलायचं नाही, दुसरं काही करायचं नाही, पुढच्या डावाला पुन्हा फासे टाकायचे. आणि जितके डाव तो बसेल तितकं देवाचं दान मोठं. बसून राहण्याला मी मोल दिलं, याचा मला फार अभिमान वाटला. पुस्तकवाल्यांना हे सुचलं नव्हतं.

नियम झकास चालला. एकदा पाकळी लागोपाठ अडकत गेली आणि पडली तेव्हा मेल्यात जमा झालेले दोघंही उठले. त्या दिवसापासून मांत्रिक मला 'देवा' म्हणायला लागला. गोष्ट चालवणारा म्हणाला, "हे लिहून पुण्याला पाठवतो. पुस्तकापेक्षा भारी आहे."

त्याच हिवाळ्यात तात्यांच्या पायाला लागलं. साखरेचा आजार जुनाच होता. उसाच्या खोडक्यात पाय पडला, अंगठ्याला खोच गेली, ती भरेना. मी सुट्टी काढून गेलो तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि घरात वास येत होता. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता बारामतीला चला.

"दवाखान्यात पाय कापत्यात," तात्या म्हणाले.

"कापायचा का नाही ते डॉक्टर ठरवतील."

"आदी त्याला इचारू. तू लाव कौल."

"मी?"

"मला माझा लावता येत न्हाय. थोरला तूच. बी.एस्सी. झाला म्हणून देव सोडून दिला काय?"

आई दाराआडून म्हणाली, "लाव की बाबा. उजवा कौल पडंल आन् निघाल."

मलाही ते बरं वाटलं. वाद घालण्यापेक्षा हे लवकर होईल, असा हिशेब केला. अंघोळ केली, देवळात बसलो, पाकळ्या चिकटवल्या. तात्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पाय घोंगडीवर. विचारलं, दवाखान्यात न्यायचं का.

पाकळ्या पडल्या नाहीत.

थंडीचे दिवस, देवाला हळदीचा लेप, देवळात वारं नाही. ओली हळद आणि ओली पाकळी, दोन्ही एकमेकांना धरून बसल्या. असं व्हायचं अधूनमधून. तात्या म्हणायचे, देव विचार करतोय. संध्याकाळ झाली. मी उठलो तर म्हणाले, "बस. लावनाऱ्यानं उठायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी चुलते आले, पाहून गेले. आई भाकरी घेऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "फुक मार की."

मी मारली. उजव्या पाकळीचा कडेचा भाग हलला आणि परत चिकटला.

"वारं नगं घालू," तात्या डोळे मिटूनच म्हणाले. "त्येला कळतं."

"तात्या, तुमच्या अंगात ताप भरलाय. उठा. मी गाडी बघतो."

"कौल लागलाय. शिव वलांडायची न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "मी लोकास्नी बसवलं, व्हय का न्हाय? लोकं बसली. आता मीच उटू?"

तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागले, तेव्हा मी आणि चुलत्यांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. देवळातून निघताना मी मागं पाहिलं. पाकळ्या वाळून वेड्यावाकड्या झाल्या होत्या, तरी जागेवर होत्या. कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या मागं एक. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. शिवेचा दगड मागं पडला तेव्हा तात्यांना शुद्ध होती की नाही, कोण जाणे. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो त्यांनी काढून घेतला.

मांडीपासून पाय काढला. विष वर चढलं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. तात्या गेले.

दिवसकार्य उरकून मी बारामतीला आलो. रविवारी मित्र आले. मग गोष्ट चालवणाराच म्हणाला, "खेळायचं का? नको असलं तर नको."

"खेळू," मी म्हणालो. "पण नियम बदललाय. पाकळी अडकली तर जखमी माणूस दर डावाला आणखी खचणार. बसण्याचं मोल नाही."

"मग पुजारी पहिल्यासारखाच पडेल झाला की," मांत्रिक म्हणाला.

"झाला."

"आणि त्यानं करायचं काय?"

"उठायचं. त्याला वाटलं तर."

गुहेत योद्धा पडला. मी फासे टाकले. दोन्ही सारखे. मी म्हणालो, पुजारी उठतो, योद्ध्याला खांद्यावर घेतो आणि बाहेर निघतो. गोष्ट चालवणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, प्रत्येक वळणाला योद्धा आणखी किती खचला त्याचा फासा टाकला आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. मी एकाही आकड्याला हरकत घेतली नाही. गुहेचं तोंड दिसायला लागलं तिथं तो थांबला.

"गेला," तो म्हणाला.

"बसला असतास तर?" योद्ध्यानं हळूच विचारलं. मेलेला तोच होता, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी गणिताचा माणूस. कागद ओढला, आकडे मांडायला घेतले, आणि दुसऱ्या ओळीवर पेन ठेवून दिलं.