हातभर कपडा

आमच्या मामंजींची मोटार म्हणजे अख्ख्या दवनीवाड्याचं कौतुक. मामंजी मालगुजार, तेव्हा मोटार हवीच! दसऱ्याला तिला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, वर नारळ. एवढे लाड घरातल्या एकाही सुनेचे झाले नाहीत. चालायची मात्र स्वतःच्या मर्जीनं.

त्या वैशाखात माझी मोठी जाऊ अडली. मूल आडवं आलं होतं. सुईणीनं हात टेकले आणि गोंदियाच्या दवाखान्यात न्या म्हणाली. बैलगाडीत पोचेतो जीव जाईल, म्हणून भर दुपारी मोटार काढली. मागं वाकळेवर जाऊ, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पुढं ड्रायव्हरशेजारी मामंजी. आणि दोन्ही बाजूंच्या पायदानांवर एकीकडे तिचे मालक, म्हणजे माझे थोरले भाऊजी, दुसरीकडे चुलतसासरे. बाळंतीण निघाली होती का वरात, देव जाणे!

अर्ध्या वाटेत मोटारीनं आचके दिले आणि ती बंद पडली.

"काऊन थांबली बे?" मामंजी ड्रायव्हरवर ओरडले.

ड्रायव्हर गोंदियाचा, हिंदीत बोलणारा. झाकण उघडून म्हणाला, "गर्मी से नली में पेट्रोल की भाप बन गई, मालिक. इंजन तक पेट्रोल नहीं जा रहा. गीला कपड़ा लपेटो, नली ठंडी होगी तो चलेगी."

पाण्याची अडचण नव्हती, रस्त्यालगतच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, तळाशी होतं. वाकळ जाड, त्या सांदीत शिरेना. मग "कपडा पायजे, कपडा पायजे" करत सगळे इकडेतिकडे बघू लागले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हा एवढा थोरला फेटा! पण मामंजींचा फेटा म्हणजे घराण्याची अब्रू. बापासमोर भाऊजी बोडक्या डोक्यानं उभे राहणार नाहीत, थोरल्या भावासमोर चुलतसासरे नाहीत, मालकासमोर ड्रायव्हर नाही. वा रे अब्रू! आत बाई मरते आहे आणि हे डोकी झाकून उभे.

जाऊ कण्हली. भाऊजी खिडकीतून म्हणाले, "जरा कळ काढ वो, होऊन राह्यलं."

काय होऊन राह्यलं होतं, डोंबल!

"भाऊजी, फेटा सोडा," मी म्हटलं. मामंजींसमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. भाऊजींचा हात फेट्याकडे गेला, मी डोळ्यांनी पाहिला. मग त्यांनी बापाकडे पाहिलं आणि हात खाली आला.

माझं डोकं फिरलं. जावेचं डोकं हळूच वाकळेवर टेकवलं, खाली उतरले आणि डोक्यावरचा पदर दातात धरून टरकन फाडला. मामंजींनी तोंड फिरवलं. चुलतसासरे गरजले, "लाज नाही वाटत काय वो तुले?" इतका वेळ यांना कपडा सुचला नव्हता, लाज मात्र लगेच सुचली.

चिंधी बोडीत भिजवून मी ड्रायव्हरच्या हातात दिली. त्यानं ती नळीला गुंडाळली, वरून पाणी सोडत राहिला. नळी निवली, तशी मोटार सुरू झाली. उरलेली वाट मी उघड्या डोक्यानं बसले. जावेनं माझा हात घट्ट धरला होता. गोंदियाची घरं दिसायला लागली तेव्हा तो सैल पडला.

दवाखान्यातली बाई नाडी बघून म्हणाली, "थोडं आधी आणायला हवं होतं."

परत आणली ती बैलगाडीतून. मोटार बाटली असती ना!

अंगणात तिरडी बांधायला घेतली, तसे रिवाजाप्रमाणे पुरुषांनी फेटे उतरवले. मामंजींनी उतरवला, चुलतसासऱ्यांनी उतरवला. कोणाला सांगावं लागलं नाही. भाऊजींनी आपला फेटा सोडला, तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडले. मी ओट्यावरून बघत होते. त्यातला हातभर कपडा दुपारी पुरला असता.