शोकसभेची सूचना

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातही नाही — हे शब्द माझ्या तोंडून एकदाही निघालेले नाहीत. आज तुम्हाला सांगते आहे. का तुम्हालाच? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

रत्नागिरी शहराबाहेर, कातळावर आमचं कॅम्पस आहे. तिथे मी रसायनशास्त्र शिकवते. पण विद्यार्थ्यांना मी आठवते ती दर सोमवारच्या सूचनेमुळे. ‘या आठवड्यात’ असं वर लिहिलेलं एक पान फलकावर लागायचं आणि तेच कॅम्पसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायचं. कोणतं व्याख्यान कधी, वसतिगृहाचं पाणी कधी बंद, सेवा योजनेचं शिबिर कुठल्या गावात, ग्रंथालयात कुणाची छत्री राहिली आहे — सगळं त्यात. ते काम कुणी माझ्यावर लादलेलं नव्हतं. मी मागून घेतलं होतं. माझ्या पानात कधी चूक सापडत नाही, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं — फार आवडायचं. हे आधी सांगून ठेवते.

मेधा आमच्याकडे मराठी शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा बोलावतील तेव्हा खरं. पावस गावची मुलगी. मला ताई म्हणायची. डब्यात घावणे असले की माझ्यासाठी वेगळे बांधून आणायची. त्या आठवड्यात बुधवारी साळवी सरांचं व्याख्यान होतं, कातळशिल्पांवर. सर आमच्याकडूनच निवृत्त झालेले, मालगुंडला राहायचे. व्याख्यानाची सगळी जुळवाजुळव मेधाने केली होती.

सोमवारी सकाळी मी पान तयार करत बसले होते आणि तिचा फोन आला.

“ताई, सर गेले हो. बुधवारचं काढून टाका.”

एवढंच. मागे मुलांचा गोंगाट होता, तिला तासाला जायचं होतं. मी म्हटलं, “अरे देवा. बरं, मी बघते.” आणि फोन ठेवला.

सरांना महिन्यापूर्वीच छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ‘गेले’ म्हटल्यावर माझ्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. कुठे गेले, असं विचारावं — छे. पण खरं सांगू? मी विचारलं नाही ते फक्त त्यामुळे नाही. एवढी मोठी बातमी, आणि ती सगळ्यांच्या आधी माझ्याकडे आली होती. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली काहीतरी टवटवीत होतं. तुम्हाला कधी असं झालंय? मरणाची बातमी द्यायला मिळाली म्हणून बोटं भराभर चालली आहेत — असं?

मी व्याख्यानाची ओळ खोडली. त्याच जागी लिहिलं, की आपले लाडके साळवी सर यांचं दुःखद निधन झालं असून बुधवारी त्याच सभागृहात, त्याच वेळी शोकसभा होईल. सभागृह आधीच राखून ठेवलेलं होतं, वेगळी परवानगी नको. किती सोयीचं झालं, असंही मनात येऊन गेलं. मग सूचना ग्रुपवर टाकली, एक प्रत फलकावर लावायला पाठवली आणि वर्गावर गेले.

परत आले तेव्हा ग्रुप भरून गेला होता. श्रद्धांजल्या, जोडलेले हात, सरांचे जुने फोटो. कितीतरी जण माझे आभार मानत होते — ताबडतोब कळवल्याबद्दल.

जेवणाच्या सुट्टीत मेधा धावत माझ्या खोलीत आली. फोन कपाटात ठेवून ती सकाळपासून तासावर होती. तिने सूचना नुकती पाहिली होती. रडून चेहरा सुजला होता. ती म्हणाली, “ताई, काय झालं सरांना? सकाळी तर बोलले माझ्याशी.”

मला तिचं बोलणं कळेना. म्हणजे काय, सकाळी बोलले? मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं — साळवी सर.

फोन वाजत होता आणि आम्ही दोघी त्या नावाकडे बघत होतो. मी उचलला.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश म्हणाले, “मी एसटीत आहे, मॅडम. पुण्याला मुलीला दवाखान्यात नेलंय, म्हणून निघालो सकाळी. मेधाला कळवलं होतं. घाटात फोन लागत नव्हता. आता घरी बोललो.” मागे गाडीचा आवाज येत होता. “बातमी कळली तशी हिने मंगळसूत्र काढून देवासमोर ठेवलंय. माझा आवाज ऐकूनही तिचा विश्वास बसत नाहीये. हे काय लिहिलंत तुम्ही?”

शेजारचा कुणी आमचा माजी विद्यार्थी सूचना वाचून डोळे पुसत त्यांच्या घरी गेला होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकट्या होत्या. नवरा पहाटे गाडीत बसून गेलेला, फोन लागत नाही — त्यांनी का नाही विश्वास ठेवायचा?

आणि आता ते येतं, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घुटमळते आहे.

मी सरांना म्हणू शकले असते, की मी चुकीचं समजले. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. एवढं एकच वाक्य. मेधा समोर उभी होती, तिचा हात अजून तोंडावर होता. तिच्याकडे बघत मी फोनमध्ये म्हणाले, “सर, मेधाने सांगितलं मला. सर वारले, असं म्हणाली. मी दोनदा विचारलं तिला.”

वारले. ती असं म्हणालीच नव्हती. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

हे वाक्य मला कुठून सुचलं? मी खोटारडी बाई नाही, असं मी त्या क्षणापर्यंत समजत होते. जराही अडखळले नाही, आवाज कापला नाही. स्वतःचा आवाज ऐकून मीच थक्क झाले — इतका खरा वाटत होता तो.

मेधाचा हात तोंडावरून खाली आला. “ताई, मी... सर पुण्याला गेले, एवढंच...” ती एवढंच बोलली. मग माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. मी नजर वळवली नाही. नजर वळवली तर कळेल, हे त्या वेळीही मला समजत होतं.

संचालकांच्या खोलीत मी तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा आणखी सोपं गेलं. मेधाने ‘गेले’च म्हटल्याचं सांगितलं, पण अडखळत, रडत. मी इतक्या वर्षांची, कधी न चुकणारी. कुणावर विश्वास बसणार? संचालकांनी तिला समजावलं, की घाईत असं होतं, पण अशा बाबतीत शब्द जपून वापरावेत. मराठीच्या शिक्षिकेला तर हे सांगावं लागू नये. मी शेजारी बसून ऐकत होते.

सर कऱ्हाडहून उलटे फिरले. पुण्याला मुलीचं बाळंतपण त्यांच्यावाचून झालं. दुसऱ्या दिवशी संचालक आम्हा दोघींना घेऊन मालगुंडला माफी मागायला गेले. काकू पडवीत बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मंगळसूत्र पुन्हा गळ्यात होतं, पण एका हाताने त्यांनी ते धरून ठेवलं होतं, आम्ही होतो तितका वेळ. सर शेजारी खुर्चीत, एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे. मेधा वाकून काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्या म्हणाल्या, “नीट बोलावं गो, मुली.”

मेधा ‘हो’ म्हणाली. हो म्हणाली ती! मी समोर ठेवलेलं कोकम सरबत प्यायले. पेला रिकामा करून खाली ठेवला.

त्यानंतर सर कॅम्पसवर आले नाहीत. घरी फोन वाजला की काकू उठून आतल्या खोलीत जातात, असं मागाहून कुणीतरी सांगितलं. आणि जूनमध्ये मेधाला बोलावलं नाही. त्या प्रकरणामुळे, असं कुणी म्हटलं नाही. तास कमी झाले, एवढंच कारण दिलं. कुणी माझं मत विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोलले नाही. पुढच्या सोमवारी ‘या आठवड्यात’ नेहमीसारखं लागलं. ते पान आजही मीच करते.

मेधाचा फोन एकदोनदा आला होता. मी घेतला नाही. मग वर्षं गेली.

या पावसाळ्यात मी रत्नागिरीतल्या बँकेत नंबर लावून बाकावर बसले होते. कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि म्हणालं, “ताई.” मेधा होती. अंगाने भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. पावसलाच आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघते, म्हणाली. शिकवणं सुटलं. माझ्या मुलाची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. मी उत्तरं देत होते आणि माझा नंबर लवकर यावा म्हणून खिडकीकडे बघत होते.

मग ती म्हणाली, “ताई, तुम्हाला किती दिवस सांगायचं होतं. मला अजून आठवतं ते असंच आठवतं, की मी ‘गेले’ म्हणाले होते. पण तुम्ही दोनदा विचारलंत, आणि तुम्ही कशाला खोटं बोलाल? म्हणजे माझ्याच तोंडून तसं गेलं असणार, आणि मला कळलंही नसणार.” ती थोडं हसली. “तेव्हापासून भीती बसली हो. वर्गात बोलता बोलता थांबायचे, की आपण आता नक्की काय बोललो? दुसरीकडे नोकरी मिळाली होती शाळेत, ती सोडली त्यामुळे. आताही कुणाला निरोप द्यायचा तर लिहून देते, तोंडी सांगत नाही.”

मी ऐकत होते. नोकरी गेली, हे मला माहीत होतं. त्याचा मी विचार करून ठेवला होता, त्याला उत्तरंही तयार होती. पण हे? तिच्या स्वतःच्या कानांवरचा, जिभेवरचा तिचा विश्वास — तो मी काढून घेतला होता, आणि हे मला त्या बाकावर बसेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

आता सांग, असं मनात आलं. इथे, या क्षणी. समोर फक्त ती होती. माझी नोकरी जायची नव्हती, संचालकही केव्हाच बदलून गेले होते. गमावण्यासारखं माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

तिने माझा हात हातात घेतला. “माझ्यामुळे तुम्हाला किती ऐकून घ्यावं लागलं असेल तेव्हा,” ती म्हणाली. “मला माफ करा, ताई.”

तिचे डोळे भरले होते. मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

“मी केव्हाच माफ केलंय गं तुला,” मी म्हणाले.