एकशे ऐंशीचं पत्रक

पत्रक लिहायला मला अर्धा तास पुरतो. वर मोठ्या अक्षरात आरोप, खाली तीन प्रश्न, शेवटी 'जाब द्या!' चळवळीत मी एवढंच शिकलो आणि नीट शिकलो. मोजायला मात्र मला एका बाईनं शिकवलं, तेही मी तिच्यावरच पत्रक काढलं तेव्हा. ती आठवली की आजही आधी लाज वाटते आणि मग लय बरं वाटतं.

झालं असं. आमच्या गावच्या अभ्यासिकेत पोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून गावानं बोरीतल्या एका दुकानातून इन्व्हर्टर आणला. दुकान एका बाईचं. आयटीआय केलेली, पंचेचाळिशीची, जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्यापासून सगळं स्वतःच्या हातानं करणारी. सगळे तिला ताई म्हणतात. इन्व्हर्टर आला, पण त्याच्यावर पंखा सारखा घूं घूं करायचा. पोरी वैतागल्या. मी माझं मीटर काढलं. स्वस्तातलंच होतं, पण ते खिशात असलं की मला उगाच साहेब झाल्यासारखं वाटायचं. डब्यावर छापलेलं होतं दोनशे तीस व्होल्ट. मीटरनं दाखवलं एकशे ऐंशी.

झालं, माझं डोकं सणकलं. 'लिहितात दोनशे तीस, देतात एकशे ऐंशी! पोरींच्या अभ्यासावर दरोडा!' परभणीला जाऊन पाचशे प्रती छापून आणल्या. एक अभ्यासिकेच्या फळ्यावर चिकटवली आणि बाकीचा गठ्ठा घेऊन बोरीच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच पोचलो. दुपारी बाजार भरला की वाटायचा आणि दुकानाचं नाव तालुक्यात घालवायचं, असा बेत.

आमच्या चळवळीत एक नियम आहे. ज्याच्यावर पत्रक, त्याच्या हातात प्रत द्यायची, मग लोकांना. पाठीमागून वार करायचा नाही. फळ्यावर चिकटवून मी तो अर्धा मोडलाच होता, पण उरलेला पाळायला दुकानात गेलो.

ताई मोटारीत तार भरत होत्या. हात पुसून त्यांनी पत्रक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या 'जाब द्या'पर्यंत वाचलं.

"कशानं मोजलंस?"

मी मीटर काउंटरवर ठेवलं.

"हे व्हय. बस, चहा सांगते."

"चहा नको ताई, जाब पाहिजे."

"जाबच द्यायलेय. बस म्हणलं की!"

त्यांनी जुन्या पद्धतीचे, तारेचे दोन सारखे बल्ब काढले. एक आमच्यासारख्याच इन्व्हर्टरला लावला. दुसरा लाइनीला, म्हणजे भिंतीतल्या विजेला, पण मधे डिमरस्टॅट. म्हणजे गोल मूठ असलेलं यंत्र, फिरवलं की व्होल्ट कमी-जास्त होतात.

"लाव तुझं मीटर इन्व्हर्टरला. किती?"

"एकशे ऐंशी."

"आता लाइनीला लाव. मी मूठ फिरवायलेय. एकशे ऐंशी झालं की सांग."

झालं. दोन्हीकडे एकशे ऐंशी. मी वर बघितलं. लाइनीवरचा बल्ब पिवळट, पार मरगळलेला. इन्व्हर्टरवरचा पांढराफेक. मग ताईंनी मूठ हळूहळू वर नेली. दोन्ही बल्ब सारखे झाले, तेव्हा लाइनीकडं मीटर दोनशे तीसच्या आसपास होतं.

"मग मीटर खोटं बोलतंय?"

"खोटं न्हाई, अंदाज करतंय." त्यांनी माझंच पत्रक पालथं घातलं आणि पेन्सिलनं वर-खाली जाणारी एक लाट काढली. "वीज जेवढी वर जाती तेवढीच खाली येती. साधी सरासरी काढली तर शून्य. शून्यावर बल्ब पेटतो का रे?"

"नाही."

"मग? गरमी व्होल्टाच्या वर्गानं वाढती. व्होल्ट दुप्पट, गरमी चौपट. म्हणून आधी वर्ग करायचा, अधिक-उण्याची भानगड मिटती. मग त्या वर्गांची सरासरी. मग तिचं मूळ. ह्याला आरएमएस म्हणतात. तुझ्या घरातलं दोनशे तीस बी हेच हाय, नाहीतर त्याचा शेंडा तीनशे पंचवीसला जातो."

मी तोवर दोनशे तीस म्हणजे दोनशे तीस एवढंच समजत होतो.

"ह्या इन्व्हर्टरची लाट गोल न्हाई, पायऱ्यांची. अर्धा वेळ तीनशे पंचवीस, अर्धा वेळ काहीच न्हाई. कर वर्ग."

मी केला. एक लाख पाच हजार सहाशे पंचवीस. निम्मे बावन्न हजार आठशे बारा. मूळ दोनशे तीसला टेकलं. माझं मीटर मात्र अधिक-उणं सोडून नुसती सरासरी धरत होतं आणि लाट गोलच असणार असं गृहीत धरून तिला ठरलेल्या आकड्यानं गुणत होतं, म्हणून एकशे ऐंशी. मीही माणसांबद्दल तेच करत होतो की.

"आणि पंखा?"

"पंखा कुरकुरतो ते खरंय. पायऱ्यांची लाट मोटारीला सोसत न्हाई. तुमच्या अभ्यासिकेच्या समितीला म्हणलं होतं, गोल लाटेचा घ्या. 'स्वस्तातलाच द्या' म्हणले." समितीला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आरोप सापडल्यावर कोण विचारतो?

मी गठ्ठ्याकडे बघितलं. "आता ह्याचं काय करू?"

"वाट की, मी काय तुझा हात धरायलेय?" त्या पुन्हा मोटारीकडं वळल्या. "फक्त आकडा बराबर लिव."

शिवी दिली असती तर मी पत्रक वाटलं असतं, हे कबूल करतो. नाही वाटलं. ताईंनी दोन बल्ब आणि ते डिमरस्टॅट पिशवीत घालून दिलं. "पोरींना दाखव. परवा आणून दे."

संध्याकाळी अभ्यासिकेत फळ्यावरचं पत्रक फाडलं, बल्ब मांडले आणि सगळं पुन्हा केलं. एक पोरगी म्हणाली, "दादा, मग जाब कुणाला मागायचा?"

"मलाच माग."

"मग द्या!" सगळ्या हसल्या. मी दिला. उरलेल्या गठ्ठ्याच्या कोऱ्या पाठींवर त्यांनी महिनाभर गणितं सोडवली.

तिसऱ्या दिवशी ताईंची पिशवी परत द्यायला नवं पत्रक घेऊन गेलो. सहा ओळींचं, हातानं लिहिलेलं, वर 'माफी'. ह्या वेळी पहिली प्रत खरंच पहिली होती. ताईंनी शेवटपर्यंत वाचलं आणि पेन्सिलनं एक आकडा खोडला.

"दोनशे तीस न्हाई रे. तू मूळ काढलंस ते दोनशे एकोणतीस पूर्णांक आठ. बराबर लिव म्हणलं होतं ना?"

मी तिथंच बसून पुन्हा लिहिलं. चहा आला होता. ह्या वेळी नको म्हणालो नाही.