दोनशे बाराव्या पानावरची खुर्ची

सरकारी कचेरीच्या भिंतीला टेकून एक लोखंडी टेबल, त्यावर जुना लॅपटॉप, वर तारेने बांधलेली छत्री. या टेबलामागे दहा वर्षं जी बाई बसते तिला सगळे फॉर्मवाली म्हणतात. खरं नाव तिच्या नवऱ्याला आणि सासूला ठाऊक आहे, आणि तेही ते फारसं वापरत नाहीत. जन्माचे दाखले, घराचे नकाशे, पेन्शन, नावातली दुरुस्ती, असले अर्ज ती लोकांसाठी भरते. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते तिला कळतं, आणि साहेबाला काय नको असणार तेही. राग कायम नाकावर. खिडकीतल्या कारकुनाने 'उद्या या' म्हटलं की ती उठून आत जाते, आणि ती आत गेली की आजच होतं.

अशी ही बाई दर गुरुवारी दुपारी टेबलावर ताडपत्री टाकून तीन गल्ल्या पलीकडे जायची. तिथे एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं बोलतं वाचनालय होतं. डोळस माणसं येऊन पुस्तकं मोठ्याने वाचायची, ते रेकॉर्ड व्हायचं, आणि दिसत नसलेली दीड-दोनशे माणसं आपापल्या घरी फोनवर ते ऐकायची. वाचनालय चालवायच्या काकू. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढलेली, आणि त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं.

फॉर्मवाली तिथे पहिल्यांदा गेली ती भांडायला. तिच्या एका अंध गिऱ्हाइकाने या वाचनालयाची वेबसाइट उघडली, तर त्याचा बोलणारा फोन नुसता 'चित्र, चित्र, चित्र' म्हणत राहिला. आंधळ्यांच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर आंधळ्यालाच काही कळू नये, याचा तिला असा संताप आला की ती तडक येऊन काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भांडायचं असेल तर उभीच रहा. काम करायचं असेल तर डावीकडची खुर्ची घे. उजवीचा पाय मोडलाय."

ती डावीकडच्या खुर्चीवर बसली, त्याला तीन वर्षं झाली. शिकवायला कुणी नव्हतं. पडत, चुकत, स्वतःच्या कपाळावर हात मारत तिने ती वेबसाइट नवी केली. तिला कळलं की प्रत्येक फोटोमागे एक लपलेला चौकोन असतो. त्यात लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण बोलणारा फोन ते वाचून दाखवतो. तेव्हापासून तिचा दंडक पडला: चौकोन भरल्याशिवाय एकही फोटो चढवायचा नाही, आणि पान झालं की डोळे मिटून फोनवर ऐकून तपासायचं. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. ती म्हणायची, डोळे उंटावरचे शहाणे, वरून बघतात आणि निघून जातात.

वेबसाइटवर तिने एक ब्लॉगही सुरू केला. नाव 'कानगोष्टी'. गुरुवारी रेकॉर्डिंग संपलं की त्या दिवशीच्या प्रकरणासोबत ती चार शब्द लिहायची: आज कोण वाचायला आलं, कुणाला मध्येच ठसका लागला, कुठल्या वाक्याला काकू हसल्या. लोक पुस्तक ऐकायचे आणि त्याआधी तिला ऐकायचे. तिला याचा गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

मग शिंपीणबाई गेल्या. म्हणजे मुलीकडे राहायला गेल्या, दूर. आठ महिने दर गुरुवारी येऊन त्या एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या, आणि त्यांचा आवाज असा, की इस्त्रीखालून कापड सरकावं. दोनशे बाराव्या पानावर त्या थांबल्या. कादंबरीतली बाई दाराशी उभी होती, हात कडीवर. बाहेर कोण आहे ते तिलाही माहीत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. सहा दिवसांत रेकॉर्डिंगची खोली दोनच दिवस वापरात दिसते. सोमवारी एक नर्सबाई येतात, शनिवारी एक पोस्टमन. पुढच्या महिन्याअखेर सहाही दिवस कुणी ना कुणी वाचायला बसलं नाही, तर ती खोली सोसायटीचं मोडकं सामान ठेवायला घेण्यात येईल. पत्र अगदी सभ्य होतं. असल्या पत्रांचा सभ्यपणा फॉर्मवालीला चांगला परिचयाचा होता.

काकू म्हणाल्या, तू लिही. तू लिहिलंस की माणसं येतील.

आणि तिथेच तिचं लिहिणं बंद पडलं.

पहिल्या गुरुवारी तिने लिहिलं, 'आपणांस कळविण्यात येते की'. खोडलं. मग लिहिलं, 'लाज वाटायला हवी'. तेही खोडलं, कारण ते सेक्रेटरींना उद्देशून होतं आणि वाचणाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? दुसऱ्या गुरुवारी जागा बदलून पाहिली, तिसऱ्या गुरुवारी पहाटे उठून पाहिलं. लिहावं ते अर्जासारखं व्हायचं. सासूबाई भाजी निवडत सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "जगाचे अर्ज भरतेस आणि स्वतःच्या चार ओळी येईनात? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" तिने दार आपटलं. पण बोल लागायचा तो लागलाच.

पाचव्या गुरुवारी दुपारी टेबलाशीच तिचा डोळा लागला. स्वप्नात ती त्याच टेबलामागे बसली होती, आणि समोर रांगेत माणसांऐवजी वाक्यं उभी होती. काही लांब, वाकलेली, काही दोनच शब्दांची, एकमेकांचा हात धरून आलेली. प्रत्येक वाक्य पुढे येऊन हळूच विचारायचं, ताई, माझा नंबर? आणि तिच्याकडे ना पेन, ना कागद. ती म्हणायची, उद्या या. वाक्यं निमूटपणे मागे फिरायची. जाग आली तेव्हा छत्रीची सावली लॅपटॉपवरून सरकून तिच्या मांडीवर आली होती, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'उद्या या' म्हटलं, हे तिला रात्रीपर्यंत सलत राहिलं.

सहावा गुरुवार. महिना संपायला चौदा दिवस. ती वाचनालयात गेली तेव्हा काकू फोनवर खुर्चीवाल्या अण्णांशी बोलत होत्या. अण्णा वेताच्या खुर्च्या विणायचे, पन्नास वर्षं, निव्वळ बोटांच्या डोळ्यांनी. रोज एकदा त्यांचा फोन यायचा आणि प्रश्न एकच: तिने कडी काढली का? काकू म्हणायच्या, अजून नाही. ते म्हणायचे, बरं.

फॉर्मवाली रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन उभी राहिली. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, त्यामुळे तिथे स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटायचा. घड्याळ काढून ठेवलेलं, कारण त्याची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये यायची. त्या खोलीत वेळ नव्हता, नुसती दुपार होती, भिजत घातल्यासारखी. तिने फोन काढला आणि एक फोटो घेतला. का, ते तिलाच माहीत नव्हतं.

फोटो ब्लॉगवर चढवला. लपलेला चौकोन उघडला. हे काही लिहिणं नव्हे, हे रोजचं काम. दोन ओळींत काय दिसतंय ते सांगायचं आणि मग खाली खरा मजकूर लिहायला बसायचं. तिने सुरू केलं:

'ही एक लाकडी खुर्ची आहे, बैठक वेताची. वेत मधोमध खाली गेलाय, कारण आठ महिने इथे शिंपीणबाई बसल्या. टेबलावर त्यांचं पुस्तक पालथं ठेवलंय, दोनशे बाराव्या पानावर. पालथ्या पुस्तकाचं छोटं छप्पर झालंय, आणि त्याखाली ती बाई अजून कडीला हात लावून उभी आहे. शेजारी त्यांचाच पेला, अजून कुणी हलवलेला नाही. पाणी अर्धं, त्यावर धुळीची साय. या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटीतून उन्हाची एक काडी आत येते आणि दुपारी चारच्या सुमारास खुर्चीच्या डाव्या हातावर टेकते. आत्ता टेकली आहे. या खोलीत सध्या एवढंच कुणीतरी बसलंय. तुम्ही आलात तर ते सरकून जागा देईल.'

आणखीही होतं, गाद्यांवरची उसवलेली फुलं होती, दारामागच्या खिळ्यावर विसरलेली कापडी पिशवी होती. हात थांबला तेव्हा उन्हाची काडी खुर्चीवरून उतरून गेली होती. मग तिने रिवाजाप्रमाणे डोळे मिटले आणि सगळं फोनवर ऐकलं. पुरं वाटलं. कुठे काही कमी वाटलं नाही. तिने बटण दाबलं आणि घरी गेली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा सासूबाईंशी नीट बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. त्यांनी विचारलं, वाचनालयाच्या ब्लॉगवर काल रिकाम्या खुर्चीचा एक फोटो आलाय आणि खाली कोरं पान. ही सोसायटीला मारलेली कोपरखळी आहे, की लिहायलाच काही उरलं नाही?

तिने लॅपटॉप उघडला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपलं पान डोळ्यांनी पाहिलं. फोटो. खाली पांढरं. सगळं बोलणं फोटोमागच्या चौकोनात, आणि खरा मजकूर लिहायचा राहूनच गेलेला. कानाने तपासलं, तर कानाला पुरं वाटणारच! तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. रांगेतल्या चार माणसांना तिने तसंच सोडलं आणि तरातरा वाचनालयात गेली. तो मजकूर उचलून खाली टाकायचा, एका मिनिटाचं काम.

काकूंचा फोन सकाळपासून खाली ठेवला गेला नव्हता. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हात लावू नकोस त्याला."

"अहो काकू, लोकांना काही दिसतच नाहीये. हसं होतंय माझं."

"होऊ दे. अण्णांच्या सुनेला दिसलं नाही म्हणून तिने अण्णांना विचारलं, काय आहे हो यात? अण्णांनी तिला तोंडपाठ म्हणून दाखवलं. दोनदा." काकूंनी फोनवर तळवा ठेवला. "आम्ही जन्मभर विचारत आलो, काय लिहिलंय, काय दिसतंय. चार दिवस दिसणाऱ्यांना विचारू दे की आम्हाला."

फॉर्मवालीचा गर्व आणि तिचा राग दोन्ही एकदम उठले, एकमेकांना धडकले आणि खाली बसले. तिने लॅपटॉप मिटला.

ते चार दिवस गल्ल्यांमधून एक विचित्र, हळुवार उलटापालट चालली. औषधांच्या दुकानदाराला त्याच्या बायकोने सांगितलं, रात्रीच्या गोळ्या मोजता मोजता, की पाण्यावर धुळीची साय असते. एका बस-कंडक्टरला त्याच्या धाकट्या भावाने उन्हाची काडी सांगितली. दिसणारी माणसं फोटोकडे बघायची आणि न दिसणारी त्यांना तो दाखवायची. अण्णांची सून सगळ्यांत आधी आली. म्हणाली, मला वाचता येतं एवढंच येतं, चालेल का? तिला मंगळवार मिळाला. दुकानदाराने बुधवार घेतला, कंडक्टरने शुक्रवार, सुट्टीचा वार म्हणून. पाचव्या दिवशी फॉर्मवालीने तो मजकूर फोटोखालीही टाकला, पण तोवर तो सगळ्यांनी ऐकून झाला होता.

गुरुवार तेवढा राहिला. शिंपीणबाईंच्या पुस्तकाला हात लावायला कुणी धजेना. त्या आवाजानंतर आपला आवाज? नर्सबाई नको म्हणाल्या, पोस्टमन नको म्हणाला.

महिन्याचा शेवटचा दिवस गुरुवारच होता. सेक्रेटरी आले, भिंतीवरच्या वेळापत्रकापुढे उभे राहिले. आत अण्णा जमिनीवर बसून त्या खुर्चीचा वेत नव्याने विणत होते. खोल गेलाय हे ऐकल्यापासून त्यांना चैन पडत नव्हती. सेक्रेटरींनी पाच नावं मोजली आणि गुरुवारच्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "सहा म्हटलं होतं, मॅडम. मी तरी काय करू?"

फॉर्मवालीच्या जिभेवर बरंच काही आलं. दहा वर्षं रस्त्यावर ओरडून तिचा आवाज फुटलेला, खरखरीत, भांडणासाठीच घडल्यासारखा. तो आवाज या खोलीत कधी लागला नव्हता. काकूंनी विचारलं नव्हतं आणि तिने देऊ केला नव्हता. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी शेवटची गाठ मारली, तळव्याने बैठक दाबून पाहिली आणि खुर्ची तिच्या दिशेने सरकवली.

"बस पोरी," ते म्हणाले. "नवी आहे. तुझा खड्डा तू पाड."

ती बसली. सेक्रेटरींना सांगितलं, बसायचं असेल तर आवाज न करता बसा, नाहीतर दार लावून घ्या. सेक्रेटरी जरा घुटमळले, मग वेळापत्रकाच्या त्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या पेनने 'फॉर्मवाली' लिहिलं आणि दाराशीच उभे राहिले. काकूंनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. दाराच्या फटीतून उन्हाची काडी आत आली आणि तिच्या डाव्या हातावर टेकली.

तिने पालथं पुस्तक सुलटं केलं, घसा खाकरला. आवाज फाटकाच निघाला, पण गाद्यांनी तो सांभाळून धरला.

'तिने कडी काढली,' ती वाचू लागली. जमिनीवर बसलेल्या अण्णांनी डोळे मिटले आणि म्हटलं, बरं.