घाटाखालच्या तुळशीचा दिवा

आईच्या माहेरचं घर घाटाखाली, गोव्याच्या पोर्तुगीज हद्दीत. आजोबांना मुलगा नव्हता, म्हणून ते आईकडं आलं. आम्ही राहायचो घाटावर, कणकुंबीला. रिकामं घर बघून कुणी आत घुसेल, या धास्तीनं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तिथल्या शेजाऱ्याला किल्ली दिली आणि बजावलं, "रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढं दिवा लाव. घरात माणूस हाय असं वाटाय पायजे."

पावसाळ्यात घाटाची वाट बंद. ते चार महिने आप्पांच्या जिवाला नुसता घोर. पाऊस सरून आमच्या गावचा बैलवाला खालून बैलांवर मीठ घेऊन आला, की ते त्याला बसूही न देता विचारायचे, "आमच्या तुळशीला दिवा दिसला का रं?"

"व्हय, रोज असतोय."

एवढं ऐकलं की त्यांना जेवण जायचं. मी चिडायची, "आप्पा, दिव्याचं काय इचारताय? सोता जाऊन ऱ्हावा की!" त्यांना शेत सोडवत नव्हतं.

एका दिवाळीनंतर आम्ही खाली गेलो, तर शेजाऱ्याची सून आमच्याच दारात भात पाखडत होती. तिनं आम्हाला पाहुण्यांसारखं पाणी दिलं. आप्पांनी गावची जाणती माणसं जमवली आणि आपला साक्षीदार म्हणून बैलवाल्याला पुढं केलं.

घर कुणाचं हे ठरवायला जाणत्यांनी त्याला एकच विचारलं, "या घराच्या तुळशीला रोज दिवा कोण लावतं?"

त्यानं आधी आप्पांकडं बघितलं, मग शेजाऱ्याकडं बोट केलं.