परवानाबाईंच्या घरातली बंदूक

ठाण्यात शिरलं की डाव्या हाताची तिसरी खोली. तिच्यात दोन लोखंडी कपाटं, एक मोडकी खुर्ची, एक बरी खुर्ची आणि बऱ्या खुर्चीवर परवानाबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते साहेबांनासुद्धा बघूनच सांगावं लागेल. शहरात कुणाला बंदूक बाळगायची असो, परवान्याची मुदत वाढवायची असो की परवाना काढून घ्यायचा असो, कागद बाईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. नऊ वर्षं हेच चाललंय, मग लोक दुसरं काय म्हणणार?

बाईंचा हात मोठा कडक. एकदा एक कंत्राटदार पिस्तुलाच्या परवान्यासाठी आला. जिवाला धोका आहे म्हणाला. बाईंनी विचारलं, कुणापासून? त्यानं बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की तसा कुणापासून नाही, पण गाडीत असलेलं बरं दिसतं. बाईंनी चौकशी अहवालात हेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं, पुढं एक अक्षर जोडलं नाही. दुसऱ्या एकाची बायको गुपचूप येऊन सांगून गेली, की हे पितात आणि प्याले की बंदूक मांडीवर घेऊन बसतात. त्या माणसाची बंदूक दुसऱ्या दिवशी ठाण्यात जमा झाली आणि ‘चौकशी चालू’ या शेऱ्याखाली तीन वर्षं तिथंच पडून राहिली. त्यानं आमदारापर्यंत ओळखी काढल्या. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

आता अशा या बाईंच्या घरातच एक बंदूक होती. दुनळी, सासऱ्यांची. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, बाईसुद्धा. आबा एका सराफाच्या दुकानाचे पहारेकरी. चाळीस वर्षं स्वतःची बंदूक घेऊन त्या दारात उभे. बंदूक आणि परवाना आहे म्हणून नोकरी. ते नसले तर त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दारात कोण आणि कशाला उभं करील?

या माणसाचे उपकार बाई सात जन्म विसरणार नाहीत. नवरा गेला तेव्हा पोरगी दहा महिन्यांची होती. माहेरचे न्यायला आले, तर आबांनी त्यांना चहा पाजला आणि सुनेला विचारलं, तुला काय करायचंय? तिला काही सुचेना. मग त्यांनीच पोलीस भरतीचा अर्ज आणला. रोज पहाटे मैदानावर सून पळायची आणि सासरा एका हातात घड्याळ, दुसऱ्या खांद्यावर नात, असा उभा राहायचा. लोक खिडक्यांतून बघून हसायचे. आबा म्हणायचे, हसू दे, हसायला पैसे पडत नाहीत. तू गुडघे वर उचल. ती प्रशिक्षणाला गेली तेव्हा नऊ महिने पोरगी सराफाच्या गादीवर झोपली आणि दाराशी आजोबा बंदूक घेऊन उभे. शहरातल्या कुठल्या राजकन्येला असा पहारा मिळाला नसेल.

आणि बंदुकीच्या बाबतीत आबा म्हणजे घड्याळ. घरात पाऊल टाकलं की आधी बंदूक मधून उघडायची, दोन्ही काडतुसं काढून डब्यात, बंदूक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. मग चपला काढायच्या. चाळीस वर्षांत एकदाही हा क्रम चुकला नव्हता.

तो चुकला एका मंगळवारी. बाई संध्याकाळी घरी आल्या तर बंदूक दारामागं भिंतीला टेकून उभी. पोरगी दप्तर काढायला आली आणि तिनं बंदूक पायानंच जरा बाजूला सारली.  बाईंनी पोरीला काहीतरी कारण काढून आत पाठवलं आणि बंदूक उघडली. दोन्ही नळ्या भरलेल्या. आबा आतल्या खोलीत रेडिओ लावून निवांत बसले होते. बाईंनी काडतुसं डब्यात टाकली, बंदूक पेटीत ठेवली. किल्ली पेटीलाच लटकत होती. पेटीला कुलूप घालून किल्ली आबांच्या उशाशी ठेवली, आणि बोलल्या काहीच नाहीत. सकाळी आबांनी डबा उघडून दोन्ही काडतुसं पाहिली, समाधानानं मान हलवली आणि कामाला गेले. त्यांच्या गावीही नव्हतं.

नेमका त्याच महिन्यात आबांचा मुदतवाढीचा अर्ज बाईंच्या टेबलावर होता. घरच्या माणसाचा अहवाल बाईंना लिहिता येत नसे; तो शेजारच्या टेबलावरचे हवालदार लिहायचे. त्यांनी पेन उघडून विचारलं, आबांचं नेहमीचंच ना, ‘शस्त्र बाळगण्यास योग्य’? बाई म्हणाल्या, थांबा जरा. हवालदार थांबले. एक दिवस गेला, दोन गेले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बाईंनी आजवर दहा जणांना ऐकवली असेल. आता ती आपल्यालाच कुणीतरी कानाशी येऊन ऐकवतंय, असं त्यांना वाटत राहिलं. त्या पिणाऱ्याच्या बायकोनं केवढ्या धीरानं येऊन सांगितलं होतं. आणि आपण?

शेवटी त्या साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. साहेब भला माणूस. ते म्हणाले, बंदूक आजच्या आज उचलून आणायचा अधिकार आपल्याला आहे. पण गाडी तुमच्या दाराशी उभी राहिली तर म्हातारा खचेल. सोमवारपर्यंत त्यांना स्वतःहून घेऊन येऊ द्या. तोवर काडतुसं तुमच्या ताब्यात ठेवा. सोमवारी नाही आले, तर मात्र मला माणसं पाठवावी लागतील.

बाईंनी घरी गेल्याबरोबर काडतुसांचा डबा आपल्या कपाटात ठेवला आणि आबांना सगळं सांगितलं.  आबांचा चेहरा लाल झाला.

“चाळीस वर्षं मी बंदूक सांभाळतोय. तू मला शिकवतेस?”

“काडतुसं मी माझ्या हातानं काढली, आबा. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या.”

“मग त्याच दिवशी का नाही बोललीस?”

“हिंमत झाली नाही.”

 आबा त्यानंतर सुनेशी बोललेच नाहीत. घरातलं दळणवळण नातीमार्फत सुरू झालं. आईला सांग, मीठ जास्त झालंय. आजोबांना सांग, औषध घ्या. पोरगी बिचारी चेंडूसारखी इकडून तिकडं. रविवारी निरोप आला: आईला सांग, उद्या मी बंदूक घेऊन तपासणीला येतोय. सगळ्यांसमोर बघू दे म्हणावं.

सोमवारी आबा आले. गणवेशाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश, खांद्याला बंदूक. सुनेचं ऑफिस म्हणून पुढं घुसले नाहीत. बाहेरच्या बाकावर आणखी दोघांच्या मागं नंबर लावून तासभर बसले. नंबर आल्यावर आत आले आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली. साहेब दाराशी येऊन उभे राहिले. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

टेबलावर आलेलं शस्त्र बाई मालकासमोर स्वतः उघडून बघत, मग मालक कुणी का असेना. आज त्यांना एकच धास्ती होती. एखादं काडतूस आबांच्या खिशात राहिलं असेल, त्यांनी ते भरलं असेल आणि आत निघालं, तर सगळ्या ठाण्यादेखत त्यांची शोभा होणार. त्यांनी बंदूक उघडली.

दोन्ही नळ्या रिकाम्या. आतून लख्ख पुसलेल्या, पलीकडची खिडकी दिसत होती.

बाईंचा जीव भांड्यात पडला. मुदतवाढीचा अर्ज गठ्ठ्यात कुठं आहे तेही त्यांच्या हाताला आपोआप सापडलं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्यांना कायदा आठवत नव्हता. एवढंच वाटत होतं, की आबांची मान ताठ राहिली. हवालदारांनीही हसून पेन उचललं.

“रिकामी आहे, आबा,” त्या म्हणाल्या.

आबा हलले नाहीत. बंदुकीकडे बघत राहिले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट सुनेशी बोलले, आणि इतक्या हळू, की बाईंना पुढं वाकावं लागलं.

“बाहेर बाकावर बसलो होतो. भरलेली राहू नये म्हणून उघडून बघितली. तर शेजारचा माणूस म्हणाला, आजोबा, आता चौथ्यांदा उघडताय, रिकामीच आहे ती.” त्यांनी ओठ पुसले. “मी पहिल्यांदाच बघत होतो, पोरी.”

 बाईंना टेबल ओलांडून जावंसं वाटलं, पण आबांनीच हातानं थांबवलं. म्हणाले, अर्ज ठेव बाजूला आणि जमा करून घे. सराफाला मी सांगेन.

बाईंनी जमेचा कागद घेतला. बंदुकीचा नंबर त्यांना पाठ होता, तरी नियमाप्रमाणे नळीवरचा वाचून लिहिला. अक्षरं धूसर दिसत होती, म्हणून दोनदा वाचला. कारणाच्या रकान्याशी त्या अडल्या. आबा म्हणाले, लिही, स्वखुशीनं. त्यांनी ते लिहिलं, शिक्का मारला, आबांची सही घेतली आणि पावती फाडून त्यांच्या हातात दिली. सरकारी कागद हातात देताना रडायचं नसतं, पण बाई रडल्या. साहेबांनी बाहेर बघितल्यासारखं केलं.

आबांनी पावतीची नीट घडी घातली. खिशाकडे नेली. मग तिथंच हात थांबला, आणि त्यांनी ती पुन्हा टेबलावर सुनेपुढं ठेवली.

“ही तूच ठेव,” ते म्हणाले. “आणि आज घरी जाताना मला सोबत घेऊन जा.”