पूल टाळून पावसला

किस्से जमवायला कुणी जात नाही. चार माणसांना एका बाकावर, हाताला काही काम न देता, आठवड्यामागून आठवडे बसवून ठेवा. माळ्यावर सोललेल्या नारळांची सोडणं साठतात तसे ते आपोआप साठतात. मी सरकारी कचेरीत क्लार्क होतो, तेव्हा असे बाक पुष्कळ पाहिले. फरक इतकाच, की तेव्हा लोक बाकावर असायचे आणि मी खुर्चीत. रिटायर झालो आणि बाकावर आलो.

हा बाक रत्नागिरीतल्या मुक्ता मॅडमच्या दवाखान्याबाहेरचा. मॅडम मानसोपचार करतात. दर शनिवारी त्यांच्याकडे भित्र्यांचा ग्रुप जमतो. भुताला, साहेबाला किंवा बायकोला भिणारे नव्हेत. ते सगळीकडेच असतात. हे पाणी, वीज, उंची अशा देवाने करून ठेवलेल्या गोष्टींना भिणारे. माझी बायको मालती त्यांतली. मी नुसता सोबत.

ज्यांचे किस्से आहेत ते म्हणाले, "लिहा हो खुशाल, फक्त नावं बदला." मालती म्हणाली, "माझं नाव बदललंत तर बघा!"

*

मालतीला भीती भाट्याच्या पुलाची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, खाली पाणी आणि वर वारा. पायाखाली इतकं पाणी आहे या विचारानेच तिचे तळवे भिजायचे, छाती धडधडायची. आणि आमची एकुलती एक मुलगी वैशाली दिली ती नेमकी पुलापलीकडे, पावसला.

पुलावरून गेलं तर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. मालती आतल्या लांबच्या वळशाने, हातखंब्यावरून जायची. हातखंब्यापर्यंत एक एसटी, पुढे दुसरी, मग कुठल्या तरी तिठ्यावर उतरून वडापची जीप. तिकडे वरच्या अंगालाही नदी ओलांडावी लागते, पण तिथे ती चिमुकली. पूल आला हे कळायच्या आत संपतो. तेवढ्यापुरते मालती डोळे मिटून घ्यायची. सकाळी निघालेली बाई दुपारी जेवण टळून गेल्यावर लेकीच्या दारात उभी.

वैशाली विचारायची, "आई, थेट मुंबईहून आलीस काय गं?"

*

मग वैशालीला दुसऱ्या खेपेला दिवस गेले. तिची सासू हयात नाही. पहिल्या वेळी वैशाली आमच्याकडे होती, या वेळी थोरल्याच्या शाळेमुळे पावसलाच राहायचं ठरलं. एक दिवस ती आईला म्हणाली, "कळा सुरू झाल्या की मला रत्नागिरीला आणायचं ते पुलावरूनच. तेव्हा तू माझ्या शेजारी पाहिजेस. मी पुलावरून आणि तू हातखंब्यावरून, असं नाही चालायचं!"

मालती त्या रात्री माझ्याशी न भांडता झोपली. आमच्या घरात ही घटना दुर्मीळ. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिनेच विचारलं, "ती भीतीची डॉक्टरीण बसते कुठे?"

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "काकू, ही भीती कशामुळे बसली, आठवतं का काही? लहानपणी पाण्यात पडला होतात?"

"नाही."

"कुणी घाबरवलं होतं?"

"नाही हो. कारण माहीत असतं तर मी त्याच्याशी कधीच भांडून मोकळी झाले असते!"

मॅडम म्हणाल्या, कधीकधी कारण सापडत नाही, आणि सापडलंच पाहिजे असंही नाही. काटा कुठल्या झाडाचा ते न कळताही काढता येतो. नंतर त्या माझ्याकडे वळल्या. "काका, एसटीची तिकिटं कोण काढायचं?"

"मी."

"वडापवाल्याला फोन?"

"मीच."

"म्हणजे काकूंची भीती इतकी वर्षं तुम्ही पोसलीत. दर वेळी पूल टाळला, की भीतीला वाटतं, बघा, माझंच बरोबर होतं!"

मी म्हटलं, "मॅडम, मला वाटत होतं मी संसार करतोय."

*

ग्रुपमधले भाई मिरकरवाड्याच्या बर्फाच्या फॅक्टरीत आहेत. जन्म बंदरावरचा, आणि भीती समुद्राची. जेटीच्या टोकाला कधी गेले नाहीत. रोज टनावारी बर्फ बोटींवर चढवतात, पण स्वतः लांबून, हात दाखवून.

मॅडम मूळच्या देशावरच्या. त्यांनी आश्चर्याने विचारलं, "समुद्राकाठी आयुष्य गेलं आणि समुद्राला घाबरता?"

भाई म्हणाले, "तुम्ही घाबरत नाही, कारण तुमची त्याच्याशी ओळख नाही!"

मॅडमची पद्धत अशी, की भीतीची शिडी करायची. सगळ्यात सोपी पायरी खाली, अवघड वर, आणि पायाखालची पायरी सवयीची झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही. भाईंची मधली पायरी होती, जेटीला बांधलेल्या ट्रॉलरवर नुसतं उभं राहायचं. भाई गेले ते अंगात लाइफ जॅकेट, वर कमरेला दोर, आणि दोराचं टोक जेटीवरच्या खांबाला.

लिलावाला बसलेल्या एका बाईने मासळीची टोपली खाली ठेवली आणि ओरडली, "ओ भाई! बोट बांधलेली हाय. तुमी आनी कशाला बांधून घेतलाव?"

भाईंनी दोर सोडला. जॅकेट मात्र घरी जाऊन जेवेपर्यंत अंगात होतं.

*

ग्रुपमधल्याच कांबळे गुरुजींनी हायस्कुलात भूगोल शिकवला. ढग कसे घासतात, वीज कशी पडते, आधी उजेड आणि मग आवाज का, हे फळ्यावर काढून त्यांनी अख्ख्या तालुक्याला समजावलं. आणि आभाळात पहिला गडगडाट झाला की गुरुजी स्वतः पलंगाखाली. नात उशी घेऊन मागोमाग. ती विचारायची, "आजोबा, आज किती वाजेपर्यंत मुक्काम?"

गुरुजी मॅडमना म्हणाले, "मला सगळं कळतं. पण कळणारा मी वेगळा आणि पळणारा वेगळा."

त्यांची शिडी आवाजाची. मोबाइलवर गडगडाट लावायचा, आधी अगदी बारीक, मग रोज थोडा मोठा. छाती धडधडली तरी खुर्ची सोडायची नाही. गुरुजी पडले शिस्तीचे. बारीक आवाजाची सवय झाल्यावर त्यांनी मुलाचा स्पीकर जोडला. मे महिन्याची टळटळीत दुपार, आणि गुरुजींच्या पडवीतून असा कडकडाट झाला की शेजारपाजारच्या बायका जेवणावरून उठल्या. आंबापोळी, कोकमं, फणसाचे पापड, सगळं वाळवण भराभर आत! अंगणं मोकळी झाल्यावर एकीने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ, आणि गुरुजी खुर्चीत, दोन्ही हात दांड्यांवर घट्ट, घामाने निथळलेले, पण बसलेले.

ती कुंपणाजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, भीती जाऊ दे तुमची, पण तुमचं आभाळ जरा हळू लावा!"

हे सांगताना गुरुजी इतके हसले, की मॅडमनी तो शनिवार हसण्यावरच संपवला.

*

आमचा जावई अजित गुणी माणूस. पण गुणी माणसांच्या हातून जे होतं ते वाईट माणसांना सुचतही नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो सासूला गाडीतून नेत होता. हातखंब्याऐवजी त्याने गप्पांच्या नादात गाडी हळूच भाट्याकडे वळवली. मनात असं, की पलीकडे गेल्यावर सांगू, आई, पूल झालासुद्धा! मालतीने पुलाच्या मधोमध बाहेर पाहिलं. पुढचं तिला आठवत नाही; अजितला आठवतं. तिने त्याचा खांदा धरला तो पलीकडे टोकाला गेल्यावर सोडवावा लागला. ती त्याच्याशी गणपतीपर्यंत बोलली नाही, आणि भीती होती त्याच्या दुप्पट झाली.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फसवून पार केलेला पूल पार होत नाही. काकूंनी स्वतः, कळून सवरून, जायला हवं."

त्या दिवशी सोबत आलेला अजित कान धरून उभा. मालती म्हणाली, "सोड रे कान. त्या दिवशी खांदा मी धरला होता, तो दुखला असेल ना?"

*

मालतीची पहिली पायरी म्हणजे पुलाचा फोटो. मॅडमनी तो समोर ठेवला. मालतीने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"काय वाटतंय, काकू?"

"फोटोत बरा दिसतो. फोटोत आमचे हेसुद्धा बरे दिसतात!"

*

पुढच्या पायऱ्या भाट्याच्या किनाऱ्यावर बसून पूल लांबून बघण्याच्या. मग पुलाच्या तोंडाशी उभं राहण्याच्या. मग एक दिवस मॅडम, मालती आणि मी पुलावर पायी निघालो. दिव्याच्या पहिल्या खांबापर्यंत गेलो आणि मालतीने कठडा धरला. तोंड पांढरं, ओठ सुकलेले. मी सवयीने म्हणालो, "परत जाऊया का?"

मॅडमनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं आमच्या साहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या मालतीला म्हणाल्या, "परत जायचंय तर जाऊ. पण भीती उतरल्यावर. आत्ता गेलो तर ती जिंकली. ती चढेल, वर जाऊन थांबेल आणि आपोआप उतरेल. तुम्ही फक्त पळू नका."

आम्ही तिघं भर उन्हात खांबाशी उभे. स्कूटरवाले वळून बघत होते. एक रिक्षा थांबली. "काय झालं काका? बसा, पल्याड सोडतो."

मी काही बोलायच्या आत मालती कठडा न सोडता म्हणाली, "पलीकडे नाही जायचं आम्हाला. आम्ही घाबरायला आलोय!"

रिक्षावाल्याने हात जोडले आणि गिअर टाकला.

थोड्या वेळाने कठड्यावरची तिची बोटं सैल झाली. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. भीती उतरली होती. त्या दिवशी आम्ही पहिल्या खांबावरूनच परतलो. पुढच्या शनिवारांत खांब वाढत गेले, पण अर्ध्या पुलापुढे काही ती गेली नाही. आणि गाडीने तर एकदाही नाही.

*

दिवस भरत आले तशी मालती पावसला राहायला गेली. हातखंब्यावरूनच! वैशालीने या वेळी 'मुंबईहून आलीस काय' असंही विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं.

एका सकाळी अजितचा फोन आला, "बाबा, निघतोय." मी हॉस्पिटलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. किती जण निघालेत हे विचारायचा धीर झाला नाही.

पुढचं अजितने सांगितलेलं. पूल दिसायला लागला तशी त्याने गाडी हळू केली आणि मागे वळून विचारलं, "आई, काय करू?"

"करायचंय काय? गाडी चालव!"

पुलावर चढता चढता वैशालीला जोराची कळ आली. तिने आईचा हात आवळला. मालती तिच्या कानाशी म्हणत होती, "चढू दे. वर जाऊन थांबेल, मग उतरेल. पळायचं नाही."

वैशाली कण्हता कण्हता म्हणाली, "आई, हे मला सांगतेस की स्वतःला?"

"दोघींना! गप्प बस आणि श्वास घे."

फाटकातून गाडी आत आली तेव्हा मागच्या सीटवर दोघी होत्या. मला चष्मा पुसावा लागला.

दुपारी नात झाली. बाळ, बाळंतीण सुखरूप. संध्याकाळी मालती आणि मी हॉस्पिटलच्या पायरीवर चहा घेत बसलो. पुलाचं विचारावं की नको, माझं ठरत नव्हतं. तिचा चेहरा जरा नाराज. मला वाटलं, आता बोलेल.

कप खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, पुलाच्या मधोमध एकजण गरी टाकून उभा होता. त्याला ही एवढी, हातभर तांबोशी लागली होती! अजितला म्हटलं, जरा थांबव, भाव विचारते. तर ऐकेचना. आणि वैशालीही ओरडायला लागली!"

मग सुस्कारा टाकून म्हणाली, "नुसता भाव तर विचारणार होते!"